कुरडयांचे दगड

लंकाबाईने डोक्यावरची पाटी अख्तरीच्या ओट्यावर उतरवली, पाटीतला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि बरोब्बर उंबऱ्यासमोर ठेवला. फुटक्या जात्याचा तो अर्धा भाग होता. टाकीने पाडलेल्या त्याच्या खाचांमध्ये शेवाळ वाळून बसलं होतं.

"वळखतीस का ह्याला?"

अख्तरी सुपात मिरच्यांचे देठ खुडत होती. तिने दगडाकडे पाहिलं आणि पुढची मिरची उचलली.

"तुमचा हाय, आक्का."

"माजा न्हाई, माज्या सासूचा. ती गेली, तिच्या मागं जातं फुटलं, निम्मं ऱ्हायलं ते तुज्या गच्चीवर ठिवलं. आन् गावलं कुठं, म्हाईत हाय? वढ्यात. गोधड्या धुया गेल्ते, पाय टाकला तर पायाखाली ह्योच. चांगुणाचा बी तिथंच, राहीबाईचा बी तिथंच. समदे एका जागी, पंगतीला बसल्यावानी."

"गच्ची धुतली हुती," अख्तरी म्हणाली.

"आन् धुतलेले दगड वाळत घातले वढ्यात?"

अख्तरीचा हात डोळ्याकडे गेला आणि मिरचीची आठवण होऊन अर्ध्यातून परत आला.

"दगडानं तुजं काय घोडं मारलं हुतं, एवढं तरी सांग."

लंकाबाई थांबली. भांडणात समोरच्याला बोलायला पुरेसा वेळ देणारी ती आळीतली एकटीच बाई होती. त्यामुळे तिच्याशी भांडताना इतरांची पंचाईत व्हायची. अख्तरीने एकामागून एक देठ खुडले. शेवटी लंकाबाईने दगड पुन्हा पाटीत घातला.

"आमचा दगड आमी नेतो. चांगुणानं गहू भिजत घातलाय, परवा तिचा चीक हाय. बघू कुठं वाळवायचं ते. उन्हाला काय गच्चीच लागती, असं न्हाई."

पाटी डोक्यावर घेऊन ती गेली. जाताना फाटक लावून गेली. एरवी ते उघडं टाकून जायची आणि अख्तरी मागून ओरडायची.

खालच्या आळीत स्लॅबचं घर एकच होतं, आणि ते अख्तरीच्या नवऱ्याचं, अलीमचं. नागापूरच्या एका कारखान्यात तो लेथवर होता. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याने पत्रे काढून स्लॅब टाकला, तेव्हा आळीतल्या पुरुषांनी त्याची श्रीमंती मोजली आणि बायकांनी गच्ची. त्याआधी कुरडया अंगणात, बाजेवर वाळायच्या, आणि शेळ्या-कावळेच त्यातल्या निम्म्या खायचे. त्या चैत्रापासून सगळ्या आळीची सावड अख्तरीच्या गच्चीवर जायला लागली. सावडीचा नियम सोपा होता. आज तुझ्या घरचा चीक, उद्या माझ्या घरचा. जिचा चीक तिच्याकडे सगळ्यांनी आपापला सोऱ्या घेऊन जायचं. चिकाचा पहिला घास सगळ्यांनी एकाच परातीतून खायचा. त्या घासाला जात आडवी येत नसे. इतर वेळी यायची ती येतच होती.

कुरडयांखाली अंथरलेली धोतरं वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीने आपला एकेक दगड आणला होता, आणि ते दगड वर्षभर गच्चीच्या कठड्याशी पडून असत. लंकाबाईचं अर्धं जातं. चांगुणाबाईचा गुळगुळीत काळा गोटा. म्हातारी राहीबाईकडे मैलाच्या दगडाचं टोक होतं; त्यावर 'नगर' एवढंच उरलं होतं, किती लांब ते फुटून गेलं होतं. अख्तरीने कधी कुणाला या म्हटलं नाही आणि कुणी येऊ का म्हणून विचारलं नाही. दगड वर आहे म्हणजे आवतण आहे, असं ठरून गेलं होतं.

मग ब्याण्णवचा डिसेंबर आला. त्या डिसेंबरात देशात ठिकठिकाणी काय काय झालं. गावात काहीच झालं नाही, आणि याचा गावाला एवढा अभिमान वाटला की लोक येऊन तो अलीमला सांगू लागले. "आपल्यात तसलं काय न्हाई बरं का, अलीमभाई," असं दिवसातून दोनदा ऐकल्यावर माणूस रात्री दाराची कडी तपासून पाहतो. देवळासमोर शांतता समितीची बैठक झाली. तिथे अलीमला पुढची खुर्ची दिली. त्याआधी तो मागे सतरंजीवर बसायचा, आणि तेव्हा त्याला कसली भीती वाटत नसे.

त्याच आठवड्यात नवा हवालदार गस्तीला आला. बरोबर गावचे पोलीस पाटील, म्हणजे लंकाबाईचे मालक आप्पासाहेब. दोघे चहाला अलीमच्या ओट्यावर टेकले. हवालदाराने बशी हातात घेतली आणि मान वर केली.

"वर दगड कशाला जमवलेत?"

"कुरडयांचे हायत, साहेब," अलीम म्हणाला.

"डिसेंबरात कुरडया?"

हवालदार हसला. रागावला असता तर अलीमने काही उत्तर दिलं असतं. हसणाऱ्याला काय सांगायचं हे त्याला सुचेना. त्याने आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेब दर उन्हाळ्यात दुपारी या गच्चीवर यायचे, अर्धवट वाळलेली कुरडई तोडून तोंडात टाकायचे आणि "मीठ बरोबर हाय" असा निकाल देऊन जायचे. त्या दिवशी त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकत राहिले. बशीतला चहा इतका वेळ गरम राहत नाही, हे दारामागे उभ्या असलेल्या अख्तरीलाही कळत होतं.

हवालदार गेला. पुन्हा कधी त्याने विचारलंही नाही. पण त्याच संध्याकाळी अलीमने दगड पोत्यात भरले, सायकलीला बांधले आणि ओढ्यात नेऊन टाकले. ओढ्याला तेव्हा कंबरभर पाणी होतं. चैत्रात ओढा आटतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. भ्यालेला माणूस चैत्रापर्यंतचा विचार करत नाही.

"कुनाला बोलू नको," तो अख्तरीला म्हणाला, तेही मराठीत. अलीम घरात दखनी बोलायचा, पण भीतीची गोष्ट असली की मराठीवर यायचा. बाहेर कुणी ऐकत असेल तर त्यालाही नीट कळावं, असा काहीसा हिशेब असावा.

आणि अख्तरी बोलणार तरी कुणाला? लंकाबाईला? तुमचा दगड फेकला, कारण तुमचे मालक चहा फुंकत होते, असं?

कामावरून आलेल्या अलीमला तिने दगड सापडल्याचं सांगितलं. तो सायकलीच्या साखळीला तेल सोडत होता. तेल जरा जास्तच सुटलं.

"परवा चांगुणाचा चीक हाय," ती म्हणाली. "आल्या तर?"

"येऊ दे. दगड नको."

"आन् न्हाई आल्या तर?"

अलीमने पेडल फिरवलं. चाक बराच वेळ गरगरत राहिलं.

"मग दगडाचा प्रश्नच मिटला," तो मराठीत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी अख्तरीने उठल्या उठल्या गच्ची झाडली, पाण्याने पुसून काढली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. इथून चांगुणाबाईचं अंगण दिसायचं. तिथे चुलीवर मोठं पातेलं चढलेलं होतं, आणि चीक घोटताना येणारा आंबूस, गरम वास वाऱ्यावर येत होता. अंगणात बायका जमल्या होत्या. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. अंगणात बाज आडवी टाकलेली होती. अख्तरीने बाजेकडे पाहिलं. तेवढ्या बाजेवर एका घरच्या कुरडया मावत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण माणसाला रुसायचं असलं की बाजसुद्धा मोठी दिसते.

ऊन कठड्यावरून खाली उतरलं. चिकाचा वास बदलला. म्हणजे तो शिजला होता. आता घटकाभरात घातला नाही, तर घट्ट होऊन सोऱ्यातून उतरणार नाही. अख्तरी उठली, पुन्हा बसली. आपण होऊन बोलवायला जावं, तर आजवर कधी बोलावलं नव्हतं. आणि आज बोलावणं म्हणजे आवतण मोडलं होतं, हे कबूल करणं.

फाटक वाजलं.

"भाभी! अगं धर की! हात भाजत्यात माजे, आन् तू वर महाराणीवानी बसलीस!"

चांगुणाबाई पदरात गरम पातेलं धरून जिना चढत होती. अख्तरी धावली. दोघींनी मिळून पातेलं वर आणलं. मागून आळीतल्या इतर बायका सोरे, धोतरं, पाण्याच्या कळशा घेऊन आल्या. सगळ्यात शेवटी, प्रत्येक पायरीला दोन शब्द ऐकवत, राहीबाई.

"मला वाटलं, येत न्हाई तुमी," अख्तरी म्हणाली.

"मलाबी तसंच वाटत हुतं," चांगुणाबाई म्हणाली. "पन गव्हाला काय राग कळतोय? तीन दिस भिजून बसलाय. आज न्हाई घातला तर आंबतोय तो. मानसं आंबली तर आंबू दे."

लंकाबाई आली नव्हती. तिचं नाव कुणी काढलं नाही, पण सोऱ्या दाबताना प्रत्येकीला ते आठवत होतं. आळीत तिच्याइतकं मनगटात बळ कुणाच्या नव्हतं. दोघी दोघी मिळून दाबत होत्या, तरी कुरडईची तार मधेच तुटत होती.

पहिलं धोतर भरलं आणि वारं सुटलं. धोतराचा कोपरा उचलला गेला. चांगुणाबाईने सवयीने कठड्याकडे हात केला. कठड्याशी काही नव्हतं.

"दगड आण की, भाभी. कुठले का असंनात."

"दगड नको," अख्तरी म्हणाली.

"का गं?"

"नको."

चांगुणाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता ती त्या कोपऱ्यावर बसली. दुसऱ्या कोपऱ्यावर आणखी एक जण बसली. राहीबाई गुडघे धरत तिसऱ्या कोपऱ्यावर टेकली.

"मी तशीबी आता दगूडच हाय," ती म्हणाली. "सून रोजच म्हनती."

बायका हसल्या. हसता हसता दुसरं धोतर अंथरलं, भरलं, त्याच्या कोपऱ्यांवरही बसल्या. मग असं झालं की घालायला हात उरले नाहीत. अख्तरी एका पायाने एक कोपरा दाबून, वाकून सोऱ्या फिरवू लागली. ऊन चढत होतं. मावळतीला डोंगराच्या अंगाला ढगाचं एक काळं टोक वर आलं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं. पातेल्यात अजून निम्मा चीक होता.

जिना वाजला. लंकाबाई आपला पितळी सोऱ्या घेऊन वर आली.

"चांगुणाच्या कुरडयांला आलेय," ती म्हणाली. "सावड हाय म्हनून. मी काय तुज्या गच्चीवर आले न्हाई, अख्तरे."

हे ती गच्चीच्या मधोमध उभी राहून म्हणाली. मग तिने चारी बाजूंना पाहिलं. डोक्यावर पदर ओढून, कोपऱ्या-कोपऱ्यांवर बायका उन्हात बसल्या होत्या.

"ह्ये काय मांडलंय? उपोशन?"

"भाभी दगड नको म्हनती," चांगुणाबाई म्हणाली.

"दगड नको, आन् बाया चालत्यात? म्हातारीला भाजाया बसवलीस उन्हात?" लंकाबाई अख्तरीपुढे येऊन उभी राहिली. "एकदाचं बोल. आमच्या दगडात काय भूत दिसलं तुला?"

आणि नेहमीप्रमाणे ती थांबली. उत्तरासाठी थांबली.

अख्तरीने सोऱ्याकडे पाहिलं. त्यातून चिकाची तार लोंबत होती. ती तिने बोटाने तोडली.

"हवालदार आल्ता," ती म्हणाली. "वर दगड बघितले त्यानं. कशाला जमवले म्हनला. आमच्या ह्यांनी सांगितलं, कुरडयांचे हायत. तर हसला. डिसेंबरात कुरडया, म्हनला."

एवढंच. पण कोपऱ्यांवरच्या बायकांना पुढचं सांगावं लागलं नाही. गच्चीवर गोळा केलेले दगड, डिसेंबर आणि घर कुणाचं, हे त्यांनी एकेक करून जुळवलं. राहीबाईने आपल्या बुडाखालचं धोतर उगीच सारखं केलं. चांगुणाबाई खाली बघत राहिली. गेले चार महिने 'आपल्यात तसलं काय न्हाई' म्हणणाऱ्यांत तिचा नवराही होता.

"आन् ह्ये कवा?" लंकाबाईने विचारलं. "आमचे ह्ये हुते का संगं?"

अख्तरीने सोऱ्याच्या कडेचा चीक बोटाने निपटला.

"हुते का, ते सांग."

"हुते."

"मग? त्येनी सांगितलं न्हाई? दरसाली हितं यिऊन कवळ्या कुरडया खात्यात, त्येनला ठावं न्हाई व्हय दगड कशाचे ते? काय म्हनले?"

वाऱ्याने धोतराची कड फडफडली.

"चहा पीत हुते," अख्तरी म्हणाली.

लंकाबाईने सोऱ्या कठड्यावर ठेवला, तो पडणार नाही असा बेतशीर सरकवला, आणि जिना उतरून गेली. या खेपेला फाटक लावल्याचा आवाज आला नाही.

"कशाला सांगितलंस, भाभी," चांगुणाबाई हळूच म्हणाली. "आता नवराबायकोचं लागंल, आन् पाटील राग काढंल अलीमभाईवर."

अख्तरीलाही तेच वाटत होतं. चार महिने दाताखाली धरलेलं एका वाक्यात सांडलं होतं. आता ते आळीभर होईल, आळीतून चावडीवर, चावडीवरून कुठे जाईल ते आपल्या हातात नाही. संध्याकाळी अलीमला काय सांगायचं, याची ती वाक्यं जुळवू लागली. तेवढ्यात पाय सुटला, कोपरा उडाला, आणि कुरडयांची एक अख्खी ओळ उलटून दुसऱ्या ओळीवर चिकटली. ती सोडवायला कुणी उठलं नाही. उठलं असतं तर दुसरा कोपरा उडाला असता.

खाली आळीत कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मग आळी एकदम गप्प झाली. बायकांनी बसल्या जागेवरून माना उंच केल्या. दिसत काही नव्हतं. कुत्रं भुंकलं. फाटकाशी पावलं आली. दोन माणसांची होती, आणि त्यातली एक जड.

जिन्याच्या तोंडाशी आधी टोपी दिसली, तिरकी झालेली. मग आप्पासाहेबांचा घामाने डबडबलेला चेहरा, आणि त्यांच्या खांद्यावर फुटकं अर्धं जातं. आळीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, भर उन्हात, सगळ्यांच्या दारांवरून पोलीस पाटील तो दगड वाहून घेऊन आले होते. मागून लंकाबाई, मोकळ्या हातांनी.

"त्या कोपऱ्यावर," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी वाकून दगड ठेवला. वाकलेले ते लवकर सरळ झाले नाहीत.

"लई जड हाय," ते म्हणाले.

यावर कुणाचं दुमत नव्हतं. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. समोर धोतरभर ओल्या कुरडया होत्या. त्यांचा हात जुन्या सवयीने एका कुरडईकडे गेला आणि मधेच थांबून गुडघ्यावर आला. अख्तरीकडे त्यांनी पाहिलं नाही, पण तोंड तिच्या बाजूला केलं.

"बाकीचेबी आनून देतो," ते म्हणाले. "वढ्यातले."

दारात आलेल्या माणसाला जे म्हणायचं असतं, तेच अख्तरीच्या तोंडून निघालं.

"बसा, पाटील. चहा टाकते."

"नको," लंकाबाई कठड्यावरचा सोऱ्या उचलत म्हणाली. "त्येंचा डिसेंबरातच झालाय."

आप्पासाहेब जिना उतरून गेले. लंकाबाईने चिकाचा गोळा सोऱ्यात भरला, मांडी ठोकली आणि दाबला. कुरडई एका वेढ्यात, न तुटता, गोल उतरली.

ढगाचं टोक वर येऊन डोक्यावरून पलीकडे गेलं. पाऊस पडला असेल तर दुसऱ्याच कुणाच्या तरी गच्चीवर. दुपार उलटेपर्यंत दगड कठड्याशी आले. काळा गोटा आला, 'नगर' लिहिलेलं टोक आलं. ते कुणी आणून ठेवले, याची कुणी चौकशी केली नाही.

संध्याकाळी अलीमची सायकल वळणावर दिसली आणि त्याची नजर गच्चीकडे जाताच तिथेच हळू झाली. घरापर्यंतचं अंतर तो हातात सायकल धरून चालत आला. चपला न काढता थेट गच्चीवर गेला. अख्तरी मागोमाग गेली. कुरडया वरून वाळल्या होत्या, खालून ओल्या होत्या. त्यांना उद्याचं ऊन लागणार होतं. चारी कोपऱ्यांवर दगड होते.

"कुनी ठिवले?" त्याने मराठीत विचारलं.

"पोलीस पाटलांनी."

खाली आळीत दिवे लागत होते. वारं आता फिरलं होतं; सकाळी मावळतीचं होतं, ते उगवतीच्या अंगाने येऊ लागलं होतं, आणि त्या बाजूच्या कोपऱ्यावर लहानसा गोटा होता. धोतर तिथे फुगत होतं. अलीमने कठड्यावरून रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग वाकून अर्धं जातं छातीशी उचललं, उगवतीच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलं आणि हलत नाही ना, ते पायाने दाबून बघितलं.

"हवा इधर से है," तो दखनीत म्हणाला.